जळत्या मायची सर्दी

आश्विन महिन्यातल्या त्या सकाळी कुसुमटोल्यात देवकाबाईच्या विहिरीभोवती एवढी गर्दी जमली होती, की विहीर पाहायला आलेल्यांना विहीर सोडून बाकी सगळं दिसत होतं. पोरं आंब्याच्या फांद्यांवर, म्हातारे धानाच्या वाळक्या तणसाच्या ढिगावर, बाया एकमेकींच्या पायांवर. आमगावच्या बाजारातला न्हावी तर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक सोबत घेऊनच आला होता.

विहिरीच्या ओट्यावर भगव्या कफनीतला एक धिप्पाड माणूस उभा होता. त्यानं विहिरीतून बादली काढली, ओट्यावर ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटला. मग चांदीच्या पळीनं बादलीतलं पाणी वरच्या वर अलगद उचललं, कापसाची वात त्यात भिजवली आणि कापराच्या ज्योतीवर धरली.

वात पेटली. साधीसुधी नव्हे, वीतभर ज्योत आणि हातभर काळा धूर.

"देखो!" महाराज गरजले. "दुनिया में पानी आग को बुझाता है, यहाँ पानी ही आग है! इधर जल, उधर ज्वाल! पेटलं पानी, पळालं पाप!"

"जळत्या मायचा विजय असो!" गर्दी ओरडली.

मग प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर तीर्थ पडलं आणि प्रत्येकानं ते तोंड वाकडं करून, पण श्रद्धेनं, गिळलं. पाप पळालं की नाही ते मला सांगता येणार नाही. माणसं मात्र दुपारपासून लोटे घेऊन बांधाकडे पळू लागली. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी आमगावच्या दवाखान्यात कंपौंडर होतो आणि हगवणीचं सगळं औषध त्या आठवड्यात माझ्याच हातून संपलं.

ही गोष्ट १९५४ सालची.

चमत्काराची सुरुवात मात्र महाराजांनी केलेली नव्हती. ती केली देवकाबाईनं, आणि तीही चूल विझवताना. देवकाबाई आणि तिचा नवरा मनिराम हे कुसुमटोल्यातलं धानाची शेती करणारं जोडपं. भात झाल्यावर देवकाबाईनं रोजच्यासारखं घागरीतलं तांब्याभर पाणी चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतलं, आणि चूल विझायच्या ऐवजी भडकली. मनिराम शेजारीच विडी पेटवायला वाकला होता. त्याच्या मिशीची डावी बाजू गेली.

"मी तं पानी टाकलो जी," देवकाबाई नंतर सगळ्यांना सांगायची, "अन् चूल म्हने मले तेल पाह्यजे!"

पाण्याला काही दिवसांपासून वास येतच होता. भाताला कंदिलाचा वास, वरणाला कंदिलाचा वास. देवकाबाईची म्हैस तर त्या पाण्याला तोंडच लावत नव्हती. हौदाशी नेली की फुर्रकन नाकातून वारा सोडायची आणि तळ्याकडे चालू लागायची. पण म्हशीचं कोण ऐकतं? अर्ध्या मिशीचा मनिराम गावभर फिरला आणि पाण्यातून देवी प्रकटल्याची बातमी गोंदियापर्यंत पोचली.

गोंदियाहून पॅसेंजर गाडीनं आले ते अग्निजलानंद महाराज. आल्या आल्या त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं, एकदाच नाक फुलवून हुंगलं आणि साष्टांग नमस्कार घातला. विहिरीवर लाकडी झाकण आणि झाकणाला कुलूप आलं. किल्ली महाराजांच्या कमरेला. पाणी काढायचं ते महाराजांनीच. वास कसला, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "ये देवलोक की सुगंध है. पापी नाक को मिट्टी का तेल लगती है."

झालं. त्यानंतर कुणाच्याच नाकाला कंदिलाचा वास येईना.

एका देवकाबाईच्या येई. "मंग माही म्हैस काऊन नाई पेत?" तिनं भर गर्दीत विचारलं.

"वो भैंस नास्तिक है," महाराज म्हणाले.

गर्दीनं म्हशीकडे फार वाईट नजरेनं पाहिलं.

महाराजांचा सगळ्यात मोठा भक्त कोण, तर छोटेलाल शेठ. आमगाव स्टेशनाकडून येताना कुसुमटोला ओलांडलं की त्याची भाताची गिरणी होती. गिरणी चाले डिझेलच्या मोठ्या इंजिनावर. तेलाची पिंपं मालगाडीनं यायची, आणि पावसाळ्यात चिखलातून ती गिरणीपर्यंत लोटत न्यायची म्हणजे बैलांचेही डोळे पांढरे व्हायचे. म्हणून लढाईच्या आधीच शेठच्या वडिलांनी रुळांजवळ उंचावर एक टाकी बांधून घेतली होती. पिंपं त्या टाकीत रिकामी करायची. टाकीपासून गिरणीपर्यंत जमिनीखालून लोखंडी नळ टाकलेला. वर तेल ओतलं की उतारानं ते आपोआप इंजिनघरात यायचं.

येत होतं म्हणा. त्या वर्षी पावसाळ्यात कमी कमी येऊ लागलं. टाकी भरावी, आणि इंजिनानं थोडा वेळ धडधड करून उचकी देऊन बंद पडावं. शेठ हैराण झाला. तेल जातं कुठं? मग तो रोज संध्याकाळी जळत्या मायसमोर हात जोडून उभा राहू लागला. "माय, मेरा तेल कौन ले रहा है? बता दे, माय!"

आणि मायनं त्याला प्रसाद म्हणून डबाभर तीर्थ द्यावं. ते तो घरी नेऊन देवासमोरचा दिवा लावी आणि आल्यागेल्याला कौतुकानं दाखवी: "क्या ज्योत है! असं तेल आपल्या बापजन्मात आलं नव्हतं. डिझेल इसके सामने कुछ नहीं."

त्या डब्याच्या बदल्यात महाराजांकडे तांदळाचं पोतं जात असे, शेठच्याच गिरणीतलं.

हे सगळं पाहून हसायला हरकत नव्हती. मीही हसत होतो. पण एके दिवशी शेठनं महाराजांना साकडं घातलं, की चोर शोधून द्याच. महाराजांनी गिरणीतल्या सगळ्या माणसांना विहिरीवर उभं केलं आणि जाहीर केलं, "हर आदमी की एक बत्ती. मायच्या जलात भिजवायची. जो चोर होगा, उसकी बत्ती नहीं जलेगी."

मी त्या दिवशी मनिरामच्या पायाचं गळू पाहायला आलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. इंजिन चालवणाऱ्याची वात पेटली. हमालांच्या पेटल्या. मुनीमजीची तर अशी पेटली, की त्याचं बोट भाजलं आणि तो आनंदानं ओरडला. शेवटी आला कवडू. कवडू म्हणजे टाकीचा चौकीदार, किडकिडीत, मान खाली घालून बोलणारा. रुळांजवळच्या खोपट्यात बायको रुख्मा आणि महिन्याभराच्या बाळासोबत राहायचा. महाराजांनी पळी बादलीत बुडवली, वात भिजवली, कापरावर धरली.

चर्र... वात विझली. पुन्हा धरली. पुन्हा चर्र.

"चोर!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. कवडू नुसता त्या ओल्या वातीकडे पाहत राहिला. त्याला स्वतःलाच वाटू लागलं होतं, की आपण झोपेत वगैरे चोरी केली असेल काय.

"अष्टमीला माय महाज्वाला दाखवणार," महाराजांनी सांगितलं. "मशाल विहिरीत टाकणार, पूरा कुआँ जलेगा. त्या ज्वालेसमोर चोर कबूल करेगा. फिर पुलिस."

शेठनं मान डोलावली. खोपटं त्याच दिवशी रिकामं करायचं, असंही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रुख्मा दवाखान्यात आली. बाळ छातीशी, डोळे सुजलेले. तिचं बाळंतपण आमच्या नर्सबाईंनी, वच्छलाबाईंनी केलं होतं, म्हणून ती आली. वच्छलाबाई नागपूरच्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, हातात कायम काळी छत्री. त्यांचे वडील नागपूरला पाण्याच्या नळखात्यात होते, त्यामुळे बाईंचं लहानपण नळांच्या ढिगाऱ्यावर खेळण्यात गेलं होतं. दवाखान्यात त्यांना डॉक्टरसुद्धा भीत. आणि डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर होते.

"बाई, यायनं चोरी नाई केली जी," रुख्मा म्हणाली. "आमच्या घरी दिव्याले तेल नसते. आमी अंधारात जेवतो. चोरलं असतं तं उजेडात नसतो जेवलो का?"

वच्छलाबाई माझ्याकडे वळल्या. "गोवर्धन, तुम्ही तिथं होतात ना? नीट आठवून सांगा. कवडूच्या वेळी महाराजांनी पळी किती बुडवली?"

मी आठवलं. "चांगली खोल. कोपरापर्यंत. कफनीची बाही ओली झाली होती."

"आणि बाकीच्यांच्या वेळी?"

"बाही कोरडी होती."

बाईंनी टेबलावरची काचेची बरणी घेतली, तीत पाणी ओतलं, वरून कंदिलातलं तेल ओतलं आणि बरणी हलवून ठेवून दिली. थोड्या वेळानं तेल वर आलं, पाणी खाली बसलं. त्यांनी चमचा वरच्या वर फिरवून एक वात भिजवली. पेटली. मग चमचा तळाशी नेला, अंगठ्यानं झाकून वर काढला आणि दुसरी वात भिजवली.

चर्र.

रुख्मा दोन्ही वातींकडे पाहतच राहिली. "म्हंजे... विहिरीत तेल हाये?"

"वर तेल, खाली पाणी. महाराज बादली ठेवून मंत्र म्हणतात ना, तो मंत्र तेल वर येईपर्यंत म्हणायचा असतो. त्याला ठाऊक आहे सगळं. ज्याला चोर ठरवायचं, त्याला खालचं पाणी."

"पण बाई, विहिरीत तेल आलं कुठून?" मी विचारलं.

"चला, शेठना विचारू."

छोटेलाल शेठ गिरणीत गादीवर बसून मुनीमजीवर ओरडत होता. वच्छलाबाईंना पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"शेठजी, तुमचा तेलाचा नळ किती जुना आहे?"

"लड़ाई के पहले का, बाईजी. असली विलायती लोखंड."

"गंजू नये म्हणून काय करता?"

"दर दिवाळीला डांबर मारतो ना! पिताजी का नियम है."

"कुठे मारता?"

"जिथं दिसते तिथं. टाकीपाशी हातभर, इंजिनघरात हातभर."

"आणि मधला?"

"मधला जमिनीखाली हाये. तिथं कोन पाहायला येते?"

"गंज येतो," बाई म्हणाल्या. "नळ टाकल्यापासून कधी उघडून पाहिलात? टाकीत ओतलं किती आणि इंजिनाला मिळालं किती, याचा कधी मेळ घातलात?"

शेठ हसला. "बाईजी, लोहे को कौन खाता है? उंदीर खाते का?"

"देवकाबाईची विहीर नळाच्या किती जवळ आहे?"

शेठचं हसू जरासं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. "आप मायवर शंका घेता?"

"मी कुणावरच घेत नाही. तुमच्या नळावर घेते. एक काम करा. टाकी आता तळाला गेली आहे ना? उद्या नवं पिंप ओताल तेव्हा त्यात मला एक औषध टाकू द्या. दवाखान्यातलं नीलगिरी तेल. विहिरीतून नीलगिरीचा वास आला तर समजा, की माय तुमच्या टाकीत राहते. नाही आला तर मी स्वतः ओट्यावर उभी राहून महाराजांची माफी मागीन."

वच्छलाबाई माफी मागतील, ही कल्पना शेठला फारच आवडली. "डालो, बाईजी! पूरी बोतल डालो!"

एक बाटली नव्हे, दवाखान्यातली सगळी नीलगिरी गेली. मी कपाळाला हात लावला. थंडीच्या तोंडावर अख्ख्या आमगावच्या छात्या आता कशानं चोळायच्या? "तोंडानं फुंकर घाला," बाई म्हणाल्या आणि शेवटची बाटलीही टाकीत उपडी केली.

अष्टमीची सकाळ उजाडली. त्या दिवशी सौंदडहून, साकोलीहून बैलगाड्या आल्या होत्या. शेठ नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत होता. कवडूला आंब्याखाली दोन हमालांच्या मध्ये बसवलं होतं. त्याच्या मागे रुख्मा बाळाला घेऊन उभी होती. विहिरीपासून दहा-बारा हातांवर तणसाचा ढीग आणि त्याला लागून गवती छपरांची घरं.

महाराजांनी कुलूप काढलं. झाकण सरकलं.

आणि विहिरीतून नीलगिरीचा असा भपका आला, की पहिल्या रांगेतले लोक एकदम ताठ झाले. एका म्हाताऱ्यानं, ज्याचं नाक कित्येक वर्षं चोंदलेलं होतं, लांबच लांब श्वास घेतला आणि तो रडू लागला. "सुटलं! माह्यं नाक सुटलं!"

"मायचा विजय असो!"

महाराज मात्र गडबडले. त्यांनी वाकून हुंगलं, पुन्हा हुंगलं, दाढी खाजवली. गर्दी वाट पाहत होती. पण धंद्यात मुरलेला माणूस तो. त्यानं दोन्ही हात वर केले आणि गंभीर आवाजात सांगितलं:

"भक्तों! माय को... सर्दी हुई है!"

गर्दीतून हळहळीचा एक मोठा सुस्कारा निघाला. आणि मग जे झालं, ते मी आजही आठवून एकटाच हसतो. कुणी घरातून गोधडी आणली आणि ओट्यावर पांघरली. एका आजीनं आल्याचा काढा करून आणला. "गरम गरम घे वो माय," म्हणत तिनं तो विहिरीत ओतला. कुणाच्या तरी सुनेनं लोकरीचा मफलर रहाटाच्या चाकाला गुंडाळला, कानावरून येईल अशा बेतानं. चाकाचा कान कोणता, यावर दोन माणसांचं भांडण लागलं.

"शेक द्या मायले, शेक!" कुणीतरी ओरडलं.

"हाँ!" महाराजांना आयतीच वाट सापडली. "माय सेक मांगती है! महाज्वाला!" त्यांनी पेटती मशाल उचलली.

"शेक देसान तं आख्खा टोला जळन!" देवकाबाई किंचाळली. "तनस हाये वो बाजूले!"

तिचं कुणी ऐकेना. तेवढ्यात काळी छत्री गर्दीला दुभंगत ओट्यावर चढली.

"थांबा, महाराज," वच्छलाबाई म्हणाल्या. "रोगी तपासल्याशिवाय शेक द्यायचा नसतो. मी सरकारी नर्स आहे. माय आजारी असेल तर आधी मी पाहणार."

गर्दीला हे पटलं. "बरोबर सांगून रायली बाई. आदी ताप पाहा जी, ताप!"

बाईंनी पिशवीतून थर्मामीटर काढला आणि बादलीत धरला. सगळे श्वास रोखून पाहू लागले. महाराजांना मशाल धरून ताटकळत उभं राहावं लागलं. मशालीचं तेल त्यांच्या मनगटावर ठिबकत होतं.

"ताप नाही," बाई म्हणाल्या. "पण हा वास ओळखीचा आहे. छोटेलाल शेठ, जरा पुढे या. हुंगा."

शेठ वर आला. त्यानं हुंगलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग भीती, मग काहीतरी मोजत असल्यासारखा भाव.

"नीलगिरी," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा. ही नीलगिरी कुठे ओतली होती?"

"माझ्या टाकीत." शेठ गर्दीकडे वळला. "माझ्या तेलाच्या टाकीत ओतली होती. परवा. मेरे सामने."

सगळ्यांनी शेठकडून विहिरीकडे माना वळवल्या. फक्त नाक सुटलेला म्हातारा जोरजोरात श्वास घेत होता.

"विज्ञान की माया!" महाराज ओरडले. "ये औरत..."

"महाराज, चोराची परीक्षा पुन्हा घेऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. "पळी मी धरते. आधी शेठजी." त्यांनी पळी खोल बुडवली, कोपरापर्यंत, अंगठ्यानं झाकून वर काढली आणि वात भिजवून कापरावर धरली.

चर्र.

"शेठच चोर?" मागून एक आवाज आला. शेठनं स्वतःच्या वातीकडे अशा धसक्यानं पाहिलं, की हमाल खो खो हसले.

"आता कवडू." बाईंनी पळी वरच्या वर फिरवली. वात अशी भडकली, की कवडूनं दचकून मान मागे घेतली.

"कोपर बुडवलं की माणूस चोर, नाही बुडवलं की साव," बाई म्हणाल्या. "ज्याला पाहिजे त्यानं येऊन करून पाहावं. मंत्र लागत नाही."

एकेक जण पुढे येऊ लागला. मनिरामनं स्वतःला दोनदा चोर केलं आणि तीनदा साव. पोरांनी महाराजांना चोर केलं आणि टाळ्या पिटल्या. या गोंधळात कवडूनं महाराजांच्या हातातली मशाल हळूच काढून घेतली आणि शेणाच्या उकिरड्यात खुपसून विझवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

देवकाबाई मात्र महाराजांच्या समोर लोटा घेऊन उभी राहिली. "घ्या जी. आमाले रोज पाजलं. आज तुमी प्या."

महाराज दोन पावलं मागे सरकले. "हमारा उपवास है."

"काल तं स्टेशनाजवळ भजे खाऊन रायले होते!"

"माय का आदेश नहीं है..."

"प्या ना जी! देवलोकाचा सुगंध हाये!"

लोट्याकडे पाहून महाराजांचा घसा वरखाली झाला. इतके दिवस ज्यांनी ते तीर्थ तोंड वाकडं करून गिळलं होतं, त्या सगळ्यांनी तो घसा पाहिला. माझ्या मते खरा उलगडा तिथंच झाला. तेल-पाण्याचा हिशेब काहींना समजला, काहींना नाही. पण वाढणारा स्वतः जेवत नाही, हे सगळ्यांना समजतं.

"नको, देवकाबाई," वच्छलाबाईंनी लोटा खाली घेतला. "ते कुणाच्याच पोटात जाऊ नये. याच्याही."

एवढ्या फटीतून महाराज सुटले. कफनी कमरेला खोचून ते जे बांधावरून पळाले, ते थेट स्टेशन. बांधावरच्या लाल दगडांवर त्यांची एक खडाऊ राहिली. ती पुढे बरेच दिवस तिथंच पडून होती. कुणी उचलायलाही तयार नव्हतं.

दुपारी शेठनं कुदळी-फावडी आणवली. नळाच्या रेषेवरून खणत खणत माणसं मनिरामच्या गोठ्याच्या मागे आली. गोठ्याचं सगळं मूत आणि धुतलेलं पाणी तिथंच मुरत असे. माती काळी, चिकट, बारमाही ओली आणि नाकाला झोंबणारी. तीन हात खाली नळ लागला. तो नळ दिसतच नव्हता. तपकिरी पापुद्र्यांनी फुगलेलं काहीतरी होतं. बाईंनी छत्रीचं टोक त्यावर टेकवलं. टोक आत गेलं.

"विलायती," बाई म्हणाल्या आणि छत्री बाहेर काढली. भोकातून नीलगिरीचा वास घेऊन तेल झिरपू लागलं. अशी भोकं आणखी होती. शेठनं एक पापुद्रा उचलून बोटांनी चुरला. तो शेवेसारखा मोडला.

बाईंनी खड्ड्याच्या काठावर बसून खणणाऱ्यांना समजावलं. लोखंडाला ओल आणि हवा दोन्ही लागली की ते गंजतं. जमिनीत खार असला तर भराभर. गोठ्यातल्या मुतात खार असतो. कोरड्या मुरमातून गेलेला नळ वर्षानुवर्षं टिकतो आणि अशा ओल्या खारट मातीतला आतल्या आत खाल्ला जातो, वरून कळतही नाही. म्हणून जमिनीखाली जाणाऱ्या नळालाच सगळ्यात आधी गरम डांबर लावून गोणपाट गुंडाळायचं असतं, अशा वाईट जागा टाळून तो न्यायचा असतो, अधूनमधून खणून पाहायचा असतो, आणि वर ओतलेलं तेल खाली पोचतं की नाही हे रोज पाहायचं असतं. इथून गळलेलं तेल उतारानं विहिरीत गेलं. पावसानं विहीर भरलेली, म्हणून ते पाण्यावर तरंगत वर आलं. इतकीच ती माय.

"म्हंजे मी माझंच तेल..." शेठ थांबला.

"तांदूळ देऊन घेत होतात," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

शेठ खड्ड्यात उतरून नळापाशी चिखलातच बसला. मग वर आला आणि कवडूला म्हणाला, "खोपटं सोडू नको. पगार वाढवतो. क्या चाहिए, बोल."

कवडू मान खाली घालूनच उभा होता. रुख्मानं त्याला कोपरानं ढोसलं. तेव्हा तो म्हणाला, "शेठ, पगाराचं मंग पाहू. तुमी मले त्या ओट्यावर चोर म्हनले. सगळ्यायच्या समोर म्हनले. तिथंच चढून सांगा, कवडू चोर नाई."

"सगळे घरी गेले आता," शेठ म्हणाला.

"बोलावतो मी," कवडू म्हणाला, आणि त्या किडकिडीत माणसानं अशी हाक घातली, की आमगावच्या वाटेवरच्या बैलगाड्या थांबल्या.

लोक परत आले. छोटेलाल शेठ धोतराला चिखल लागलेल्या अवस्थेत ओट्यावर चढला. एकदा हळू बोलला, तेव्हा मागचे ओरडले, "ऐकू नाई आलं!" मग त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. "कवडू चोर नहीं है. चोर मेरा पाइप था. और मेरी आँख."

रुख्मा रडली. मीही डोळे पुसले. नीलगिरी होतीच म्हणा हवेत.

त्या हिवाळ्यात शेठनं गोठा टाळून नवा नळ टाकला, डांबर आणि गोणपाट गुंडाळून, जिथं दिसत नाही तिथंसुद्धा. विहीर पुन्हा पुन्हा उपसली. पाणी स्वच्छ व्हायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर देवकाबाई तळ्यावरून पाणी आणत होती आणि वाटेत भेटेल त्याला महाराजांच्या नावानं शिव्या देत होती.

काही जण अजूनही म्हणतात, की माय होती, पण बाईनं तिला घालवली. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो: तिला घालवायला एक छत्री आणि दवाखान्याची नीलगिरी पुरली, तर ती तुमचं काय राखणार होती?

बाबांनो, पाणी पेटलं, मूर्ती घामेजली, झाड बोललं, तर हात जोडण्याची घाई करू नका. आधी जवळ जाऊन वास घ्या. जमिनीखाली काय आहे ते खणून पाहा. जो तीर्थ वाटतो, त्याला आधी पिऊन दाखवायला सांगा. आणि चमत्कार कुणा गरिबाला चोर ठरवू लागला, तर तो चमत्कार त्याच दिवशी, सगळ्यांच्या समोर, तपासा. पोलीस येईपर्यंत थांबू नका.